मांजर डोळे मिटून दूध का पितं?

(खरवई, बदलापूर पूर्व येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मांजरावरचं व्याख्यान खरं तर रेल्वेलाइनच्या पलीकडे, पश्चिमेला मांजर्लीत व्हायला हवं होतं. संयोजकांनी ते खरवईत ठेवलं. संस्कृतात ‘खर’ म्हणजे गाढव. मी इथलाच रहिवासी असल्यामुळे हा विनोद मला चालतो, बाहेरच्यानं करू नये.

मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि घरात पंधरा वर्षं ठमी नावाची मांजर सांभाळली, किंवा तिनं मला सांभाळलं, एवढीच माझी पात्रता. संयोजकांनी आठवडाभर दाराशी एक डबा ठेवला होता: मांजराबद्दल काही विचारायचं असेल तर चिठ्ठी टाका. त्या चिठ्ठ्या वाचल्या आणि लक्षात आलं की निम्म्यांत प्रश्नच नाही, आरोप आहे. ‘माझ्याकडे बघून मुद्दाम वाटी पाडते.’ ‘मतलबी आहे, भूक लागली की गोड बोलते.’ ‘सूड म्हणून गादीवर लघवी करते.’

हा खटला फार जुना आहे. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटलंय, मांजराचं व्रत घेतलेला. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी तप करणारा एक बोका आहे. विश्वासानं जवळ आलेले उंदीर तो एकेक करून खातो. महाबलीपुरमच्या भव्य शिल्पात हे तपस्वी मांजर दोन पायांवर उभं कोरलेलं आहे. आणि आपल्या मराठीनं तर एका म्हणीत निकाल लावून टाकला: मांजर डोळे मिटून दूध पितं. म्हणजे त्याला वाटतं, आपण कुणाला दिसत नाही.

आज ही म्हण पुराव्यानिशी तपासू. आरोपीतर्फे मी.

सुकटीचा तुकडा मांजराच्या अगदी नाकापुढे ठेवून बघा. लांबून धावत आलेलं मांजर जवळ आलं की आंधळ्यासारखं हुंगत बसतं. तुकडा समोर पडलाय आणि हे डावी-उजवीकडे शोधतंय. आपण म्हणतो, वेंधळं आहे. त्याचं कारण असं, की मांजराचा डोळा लांबची हालचाल टिपण्यासाठी घडलेला आहे. अंधुक उजेडात पळणारा उंदीर त्याला दिसतो, पण साधारण वीतभर अंतराच्या आतलं सगळं धूसर होतं. तिथून पुढं काम नाकाचं आणि मिशांचं. झडप घालताना मिशा पुढे वळतात आणि जे डोळ्याला दिसत नाही ते चाचपतात. तेव्हा दुधाच्या बशीवर वाकलेल्या मांजरानं डोळे सताड उघडे ठेवले, तरी ते तिथं बघणार काय?

शिवाय तोंडाशी किती नाजूक काम चाललेलं असतं! कुत्रा जिभेचा पळा करून पाणी उपसतो, सांडतो. मांजर जिभेचं टोक मागे वळवून द्रवाला नुसतं टेकवतं आणि झटकन वर घेतं. जिभेमागोमाग दुधाचा बारीक खांब वर चढतो आणि तो खाली कोसळण्याआधी जबडा मिटतो. सेकंदाला तीन-चार वेळा. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 साली वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. त्यांच्यातल्या एकानं आपल्या घरच्या मांजराला न्याहरी करताना बघितलं, तिथून हा अभ्यास सुरू झाला.

म्हणजे आपण ज्याला ढोंग म्हटलं, ती डोळ्याची आणि जिभेची रचना निघाली. गंगेकाठच्या त्या बोक्याचंही तेच. दबा धरून, न हलता बसणं ही त्याची शिकारीची पद्धत. ऋषी आपल्याला दिसले, त्याला उंदीर दिसत होता. म्हणून माझं आज एकच सांगणं आहे: मांजराच्या वागण्यात हेतू शोधू नका, त्यानं त्याची कोणती सोय होते ते शोधा.

आता चिठ्ठ्यांकडे वळतो.

पहिली: ‘पहाटे साडेचारला अंगावर उड्या मारते.’ उंदीर-घुशी संध्याकाळी आणि पहाटे बाहेर पडतात, म्हणून मांजराच्या कामाच्या वेळाही त्याच. दिवसभर झोपलेल्या ठमीच्या अंगात पहाटे वारं शिरायचं आणि ती या खोलीतून त्या खोलीत उधळायची. त्यात बदलापूरचं मांजर जास्तच नशीबवान. पहाटेची लोकल गाठणारं कुणी ना कुणी घरात जागं असतंच, आणि डोळे चोळत ते तिला दूध घालतं. एकदा घातलंत की तुम्ही गजर लावून ठेवलात. उपाय साधा आहे. रात्री झोपण्याआधी दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटं पळवा, मग जेवू घाला. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम आहे. आणि पहाटे कितीही ओरडलं तरी उठू नका. पहिला आठवडा कठीण जातो.

दुसरी: ‘मुद्दाम वाटी पाडते.’ मांजर अनोळखी वस्तूला पंजानं हळूच ढोसून बघतं: हलते का, जिवंत आहे का. वाटी घरंगळली, हा पहिला आनंद. आणि ‘अगं अगं!’ करत तुम्ही वर्तमानपत्र टाकून धावत आलात, हा दुसरा आणि मोठा आनंद. ती तुमच्याकडे बघून पाडते हे अगदी खरं. वाटीपेक्षा तुम्ही जास्त हलता.

तिसरी, ‘मतलबी, भूक लागली की गोड बोलते’ वाली. हे मात्र मला मान्य करावं लागेल. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. म्याव ही पिल्लानं आईला मारायची हाक. माणसाच्या घरात मांजर ती हाक मोठेपणीही सोडत नाही, कारण इथं जेवण वाढणारी आई कायमची असते. 2009 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकॉम्ब यांनी आणखी मजेशीर गोष्ट दाखवली. काही मांजरं खायला मागताना गुरगुरतात, त्या गुरगुरीत एक उंच, रडका सूर मिसळलेला असतो. ज्यांनी आयुष्यात मांजर पाळलं नाही त्यांनाही तो आवाज निकडीचा वाटला. लहान मुलाच्या रडण्याकडे आपल्याला दुर्लक्ष करता येत नाही. मांजरानं नेमकी तीच तार पकडली आहे. उलट, आपण हाक मारली तर? जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी 2019 मध्ये दाखवलं की मांजर स्वतःचं नाव ओळखतं. त्याचा कान हलतो. उठून यायचं की नाही, हा त्याचा प्रश्न. जेवायला हाक मारली की मोबाइलमधून डोकं न काढणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

चौथ्या चिठ्ठीची मजा बघा: ‘हजार रुपयांची मऊ गादी आणली, ती सोडून गादीच्याच खोक्यात बसते.’ मांजर शिकारी आहे, पण लहान शिकारी. कुत्रा, कोल्हा, मोठा पक्षी, कुणीही त्यालाच उचलू शकतो. तीन बाजू बंद आणि एक उघडी, अशी जागा मिळाली की पाठीची काळजी मिटते. 2014 साली हॉलंडमधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना खोकी दिली, काहींना नाही. खोकंवाली लवकर रुळली. घरी पाहुणे आले, फटाके सुरू झाले, भाड्याचं घर बदललं, तर मांजराला मांडीवर दाबून धरू नका. खोकं आडवं ठेवा आणि विसरून जा.

पाचवी चिठ्ठी थरथरत्या अक्षरात आहे, आजींची असावी: ‘मांजर पिल्लांना सात घरं का दाखवते?’ आजी, आकडा सातच असतो असं नाही, पण फिरवते हे खरं. पिल्लं असलेल्या जागेला वास सुटतो, पिसवा होतात, परका बोका पिल्लं मारून टाकतो, आणि आपली नातवंडं दर तासाला खोकं उघडून बघतात. आईच्या लेखी तो पत्ता फुटलेला असतो. मग ती मानेला धरून एकेक पिल्लू हलवते. पिल्लू त्या वेळी पाय पोटाशी घेऊन गप्प लोंबतं. आपल्याकडच्या वेदान्त्यांनी यावरूनच मार्जारन्याय सांगितला. माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरतं. मांजराचं पिल्लू सगळा भार आईवर सोडतं. खरी शरणागती अशी. ज्या जनावरावर आपण दांभिकपणाचा शिक्का मारला, त्याच्याच पिल्लाला भक्तीचा नमुना केलं!

एक चिठ्ठी तक्रारीची नाही, आनंदाची आहे: ‘दारातलं कुठलं तरी रोप उपटलं की मांजर मुळावर लोळतं, वेडं होतं.’ ते रोप बहुधा खोकली असणार. पावसाळ्यात भिंतीकडेला उगवणारं हे तण. त्याच्या मुळाच्या वासानं पुष्कळ मांजरांना नशा चढते. परदेशात कॅटनिप विकत घेतात, तसंच हे. फक्त औषध म्हणून मनानं काही खाऊ घालू नका. त्याबद्दल शेवटी बोलतो.

त्याआधी थोडा इतिहास, कारण तो इथल्या जुन्या घरांना जवळचा आहे. आता खरवईत एमआयडीसी आहे, बिल्डिंगी आहेत. पण इथली जुनी मंडळी सांगतील, पूर्वी घरात भाताची कणगी असायची आणि कणगीपाशी मांजर असायचंच. जगभर मांजर माणसाकडे आलं ते याच वाटेनं. पश्चिम आशियात सुमारे 10,000 वर्षांपूर्वी धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, हातभर अंतरावर, मांजर पुरलेलं सापडलं. बैलाला आपण वेसण घातली, कुत्र्याला हुकूम शिकवले. मांजराला कुणी पकडून आणलं नाही; ते नोकरीच्या शोधात स्वतः आलं आणि नोकरीच्या अटी त्यानंच ठरवल्या.

या मांसाहारी आयुष्यानं त्याच्या शरीरावर खुणा ठेवल्या. मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव देणारं त्याचं एक जनुक मोडलेलं आहे, हे 2005 साली सिद्ध झालं. श्रीखंडाच्या वाटीत तोंड घालतं ते चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी. तसंच, काही रसायनांचा यकृतात निचरा करणारी यंत्रणाही त्याच्याकडे अपुरी आहे. म्हणून तापावरची आपली साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. अर्धी नाही, पावही नाही.

हे मी पुस्तकातून सांगतोय असं समजू नका. ठमी तेराव्या वर्षी ओट्यावर उड्या मारायची बंद झाली. आम्ही म्हटलं, वय झालं, शहाणी झाली. मग ती मातीच्या घमेल्याशेजारी, बाहेर लघवी करू लागली. घरात मत पडलं की सुनेनं रागावल्याचा सूड घेतेय. शेजाऱ्यांनी सुचवलं, अर्धी गोळी द्या. नशिबानं आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गुडघे आणि कंबर झिजली होती. घमेल्याचा काठ ओलांडायला पाय उचलला की कळ येत होती, एवढंच. 2002 साली बारा वर्षांवरच्या 100 मांजरांची क्ष-किरण चित्रं तपासली, तर 90 जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. त्यांतली लंगडणारी फार थोडी. दुखतंय हे दिसलं तर आपलीच शिकार होईल, म्हणून मांजर दुखणं लपवतं. मघाशी मी आरोपीचं वकीलपत्र घेतलं होतं; हे एक ढोंग मात्र मला कबूल आहे. तेच नेमकं आम्हाला ओळखता आलं नाही. आम्ही घमेलं काढून उथळ परात ठेवली, खिडकीखाली पायरीसारखा पाट ठेवला. दोन दिवसांत ‘सूड’ संपला.

घरी गेल्यावर एक करून बघा. मांजर समोर निवांत बसलं असेल तेव्हा त्याच्याकडे बघत डोळे हळूच अर्धे मिटा, थांबा, उघडा. 2020 सालच्या ससेक्समधल्याच अभ्यासात मांजरांनी असं करणाऱ्यांना उलट डोळे मिटून दाद दिली. मिटलेल्या डोळ्यांचा त्याच्या भाषेतला हा दुसरा अर्थ: तुझ्यासमोर मला पहारा द्यायची गरज नाही.

आणि ती ‘सूड म्हणून गादीवर लघवी करते’ वाली चिठ्ठी कुणाची आहे ते मी विचारत नाही. पण त्यांनी उद्याच मांजराला डॉक्टरकडे न्यावं. बोका असेल, सारखा बसत असेल, कुंथत असेल आणि थेंबही होत नसेल, तर उद्याची वाट बघू नका, माझे आभार मानायलाही थांबू नका, आत्ता उठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बाकीच्यांनी तोवर गादीवर प्लास्टिक घालावं आणि मांजराला काही बोलू नये.