रोळणे, पाखडणे, निवळणे : खनिजप्रक्रियेचे उच्च शिक्षण आणि आपली भाषा



‘मराठी : ज्ञानभाषा’ हा विषय मला सुचवण्यात आला तेव्हा मी संयोजकांना एक विनंती केली. ‘ज्ञान’ या एवढ्या मोठ्या शब्दावर बोलण्याऐवजी मला एकाच ज्ञानशाखेवर बोलू द्या. त्यांनी ती मान्य केली. शाखा कोणती हे कळल्यावर मात्र ते थोडे चपापले असावेत. भूविज्ञान आणि खनिजप्रक्रिया यांचे पदव्युत्तर शिक्षण, आणि बोलणार कोण, तर साहित्यात डॉक्टरेट केलेली एक प्राध्यापिका.

भूविज्ञानात माझा अधिकार नाही. पण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतली मुले वर्षानुवर्षे माझ्या भाषेच्या तासाला बसत आली आहेत. त्यांतली काही पुढे विद्यापीठात उपयोजित भूविज्ञानाची एम.एस्सी. करतात. एखादा धनबादला खनिज अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला जातो. १९२६ साली सुरू झालेली तिथली संस्था आज आय.आय.टी. आहे. सुट्टीत परतली की ही मुले भेटतात, आणि गावात आपण नक्की काय शिकतो हे घरी सांगता येत नाही, अशी कुरकूर करतात. ती कुरकूर मी गंभीरपणे घेतली. आजचे भाषण तिच्यातूनच आले आहे.

आधी या दोन विद्यांमधला फरक सांगते. हा खडक इथे कसा आला, हे भूविज्ञान विचारते. आता यातून हवे ते काढायचे कसे, हे खनिजप्रक्रिया विचारते. पहिलीचा काळ कोट्यवधी वर्षांचा, दुसरीचा कारखान्याच्या एका पाळीचा. गोव्यातल्या विद्यार्थ्याला दोन्हींचे उदाहरण घराच्या परसात मिळते. आपल्या डोंगरांतले लोहखनिज पट्टेदार खडकात आहे, लोहाचा एक थर आणि गारेचा एक थर असे. पुस्तके त्याला बी.एच.क्यू. म्हणतात. ‘गोवा समूह’ या खडकसमूहाच्या पोटविभागांना बार्से, सावर्डे, डिचोली आणि वागेरी यांची नावे आहेत. सत्तरीतला वागेरीचा डोंगर जगभरच्या भूवैज्ञानिकांना नावाने ठाऊक आहे, याचा मला अभिमान वाटतो. डिचोली मात्र तिथे ‘बिचोलिम’ या पोर्तुगीज वेषातच गेली. असो.

आता प्रक्रियेकडे वळू. लोह ज्यात असते त्या हेमॅटाइट या खनिजाची घनता पाण्याच्या सुमारे सव्वापाच पट आणि गारेची सुमारे २.६५ पट. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह सुमारे ७० टक्के. डोंगरातून निघणाऱ्या मालात त्याच्याबरोबर गार आणि चिकणमाती असते, आणि आपला बराच माल ठिसूळ, भुकटीसारखा. तेव्हा मालाचे ढेकूळ फोडायचे, चाळायचे, पाण्याने धुवायचे, जड आणि हलके वेगळे करायचे, मग पाणी निवळू द्यायचे. धुण्याच्या यंत्रांत एक असते हायड्रोसायक्लोन. खाली निमुळत्या होत गेलेल्या नळकांड्यात गढूळ पाणी कडेने जोरात सोडतात. ते गरगर फिरते, जाड आणि जड कण भिंतीला लागून खाली उतरतात, बारीक आणि हलके कण मधल्या वाटेने वर निघून जातात.

हे सगळे एका विद्यार्थ्याने मला फळ्यावर आकृती काढून समजावले. मी त्याला विचारले, “तुझी आई तांदूळ रोळते का?” तो हसला. पातेल्यात पाणी घालून हाताने गोल फिरवले की खडा तळाला राहतो आणि तांदूळ पाण्याबरोबर पुढच्या भांड्यात जातो. या क्रियेला मराठीत स्वतःचे क्रियापद आहे. शिवाय रोळणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पाणी जोरात ओतले तर कणी वाहून जाते. खनिजप्रक्रियेच्या अभ्यासातला एक मोठा डोकेदुखीचा प्रश्न नेमका हाच आहे. लोहाचा कण जड असला तरी फार बारीक झाला, म्हणजे वीसेक मायक्रॉनच्या खाली, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्याही खाली गेला, की तो लवकर तळ गाठत नाही. चिकणमातीबरोबर तरंगत निघून जातो. जड कण वजनाने बुडेल ही अपेक्षा खोटी ठरते, कारण इथे आकार वजनावर मात करतो.

मग मी क्रियापदांची यादी करायला बसले. वेचणे, निवडणे, चाळणे, पाखडणे, उफणणे, गाळणे, रोळणे, निवळणे, खलणे, भरडणे, कुटणे, दळणे. भरडणे आणि दळणे यांत जो फरक आपण जात्यावर करतो तोच फरक तिथे यंत्रांच्या दोन पायऱ्यांत असतो. पाखडणे आणि उफणणे या दोन्ही वाऱ्याच्या क्रिया. एकीत वारा सुपाने करायचा, दुसरीत तो वाहता असतो त्याचा उपयोग करायचा. आमच्या घराघरांत आणि खळ्यांवर शेकडो वर्षे जे वेगळे करण्याचे शास्त्र चालले, त्याची क्रियापदे भाषेने सांभाळून ठेवली आहेत. कोकणीतही याच घराण्यातली क्रियापदे आहेत. म्हणून हा प्रश्न मी दोन भाषांच्या भांडणात नेणार नाही.

उलट परिभाषा करताना आपण काय केले? आपण नामे केली. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत दहावीला धातूंचा धडा आहे. त्यात ‘गुरुत्वीय विलगीकरण पद्धती’, ‘चुंबकीय विलगीकरण पद्धती’, ‘फेनतरण’ असे शब्द आहेत. फेनतरण हा शब्द मला आवडतो. फेसावर तरणे, यात क्रिया दिसते. पण नको असलेल्या भागाला दिलेले ‘मृदा अशुद्धी’ हे नाव मला पटत नाही. मृदा म्हणजे शेतातली माती, आणि लोहाबरोबर येणारा नको असलेला भाग बहुधा गारेचा असतो. मुलगा हा शब्द पाठ करतो आणि त्यातून चुकीचे चित्र घेऊन पुढे जातो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालच्या मराठी विश्वकोशाने भूविज्ञानाला ऐसपैस जागा दिली. अग्निज, गाळाचे, रूपांतरित असे खडकांचे स्वच्छ शब्द रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ‘धातुक’ हाही चांगला शब्द. पण विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, आणि त्यानंतर हे शब्द वापरून कोणी प्रबंध लिहिले नाहीत. न वापरलेला शब्द कोशात सुखरूप असतो, एवढेच त्याचे भाग्य.

विज्ञानाच्या संज्ञा लोकांच्या तोंडून उचलता येत नाहीत, असे मला कोणी सांगते तेव्हा मी जांभ्याचे उदाहरण देते. आपण ज्याचे चिरे काढतो त्या दगडाला जगभर ‘लॅटेराइट’ म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकॅनन या वैद्य-प्रवाशाने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात दिले. मलबारात त्याने पाहिले की हा दगड जमिनीत मऊ असतो, हत्याराने कापता येतो आणि हवेत आला की विटेसारखा घट्ट होतो. तिथल्या बोलींत त्याला विटेचा दगड म्हणत, अशी नोंद त्याने केली आणि त्या नावालाच लॅटिन रूप दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. मलबारच्या चिरेखाणीवरच्या कामकऱ्यांचा शब्द आज प्रत्येक विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात लॅटिन अंगरखा घालून हिंडतो आहे.

आता अधिक अवघड गोष्टीकडे येते. खाणीच्या भाषेत काही शब्द असे आहेत की ते वस्तूचे नाव वाटतात, पण प्रत्यक्षात बाजारभावाचे नाव असतात. ‘रिजेक्ट’ हा असा शब्द. आपली वर्तमानपत्रे त्याला ‘टाकाऊ माल’ म्हणतात. भारतीय खाण ब्युरोने, ज्याचे मुख्यालय नागपुरात आहे, हेमॅटाइट लोहखनिजासाठी लोहाच्या प्रमाणाची एक किमान मर्यादा ठरवलेली असते. ती पूर्वी ५५ टक्के होती, २००९ मध्ये ४५ वर आली. म्हणजे ५० टक्के लोह असलेला ढीग आदल्या वर्षी मर्यादेच्या खाली होता आणि नंतर वर आला. ढीग जागचा हलला नव्हता. त्याच काळात चीनमधून मागणी आली आणि जुने डंप विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. या सगळ्या वर्षांत वाद, अर्ज, निवेदने चालली ती ‘डंप’, ‘रिजेक्ट’, ‘टाकाऊ’ या शब्दांभोवती. वर्षांमागून वर्षे अर्थ बदलणारा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. पण आपल्याकडे अशा शब्दावर गावाची विहीर, बागायत आणि ट्रकमालकाचे कर्ज अवलंबून असते.

एक प्रसंग सांगते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या राजभाषेत किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. गोव्यात राजभाषा कोकणी आहे आणि १९८७ च्या कायद्याने मराठीच्या शासकीय वापरालाही जागा दिली आहे. अशा एका सुनावणीला मी श्रोता म्हणून गेले होते. मराठी सारांशात एक वाक्य होते : ‘टेलिंग पाँडमधील गाळ नियमितपणे काढण्यात येईल.’ माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क शेतकऱ्याने ते ऐकून विचारले, की गाळ काढणारच असाल तर आमच्या मळ्यात टाका, फुकट का घालवता? मागच्या रांगेतले काहीजण हसले. मला हसू आले नाही. नदीकाठी शेती करणाऱ्याला गाळ म्हणजे कसदार माती. पुराने आणलेला गाळ तो नशिबाची गोष्ट मानतो. आणि या तलावात बसतो तो धुतलेल्या खनिजाचा पिठासारखा बारीक साका. शेतात उतरून वाळला की तो कडक थर धरतो. भाषांतरकाराने ‘गाळ’ हा शब्द वापरला तो कोशाला धरून बरोबर होता. त्या माणसाला त्यातून जे समजले ते मात्र वस्तुस्थितीच्या उलट होते, आणि त्या सभेत आपले मत नोंदवण्याचा अधिकार त्यालाच होता.

हे वाक्य दुरुस्त कोण करू शकला असता? मी नाही. मला साका काय असतो हे तोवर ठाऊक नव्हते. करू शकला असता तो त्याच गावातला, विद्यापीठात बारीक कणांवरच प्रकल्प करणारा मुलगा. पण त्याने आपला प्रकल्प इंग्रजीत लिहिला, इंग्रजीतच मांडला, आणि त्याला मराठीत चार वाक्ये लिहायला कोणी सांगितले नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. या विषयातली नोकरी, शोधनिबंध, परिषदा सगळे इंग्रजीत आहे. मराठीत एम.एस्सी. करून मुलाचे नुकसान करायचे का? नाही. एम.एस्सी. मराठीत करा असे माझे म्हणणे नाही. प्रबंध इंग्रजीतच असू द्या. त्याला चार-पाच पानांचे मराठी सार जोडले जावे, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले, आणि ते भाषेच्या एका शिक्षकाने आणि गावातल्या एका वाचकाने वाचलेले असावे. यात वेळ जाईल, हेही मान्य. पण अहवालांची भाषांतरे करून घेण्यावर जो पैसा खर्च होतो त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ ठरेल. अकादमीने अशी दहा सारे एकत्र छापली तर त्यातून जी परिभाषा तयार होईल ती समितीच्या टेबलावर तयार होणाऱ्या परिभाषेपेक्षा टिकाऊ असेल, असे मला वाटते. कारण ती आधी वाक्यात वापरलेली असेल.

मी त्या मुलाला असे सार लिहायला लावले. पहिला मसुदा भयंकर होता. ‘सूक्ष्म कणांच्या पुनर्प्राप्तीचे मूल्यमापन करण्यात आले’ अशी सगळी वाक्ये. कोणी केले, कशाने केले, पत्ता नाही. मी त्याला एवढेच म्हटले की प्रत्येक वाक्यात एक तरी खरे क्रियापद हवे, ‘करण्यात आले’ चालणार नाही. तिसऱ्या मसुद्यात त्याने लिहिले : ‘खनिज धुतल्यावर जे लाल पाणी उरते ते तांदळाच्या धुवणासारखे असते. ते तळ्यात सोडून निवळू दिले की खाली साका बसतो. या साक्यातही लोह असते. ते पुन्हा रोळून काढता येईल का, हे मी पाहिले. जाड कणांतले बरेचसे निघाले. पिठासारखे बारीक कण पाण्याबरोबर गेले.’

धुवण हा शब्द मी त्याला दिलेला नाही. तो त्याच्या आजीचा. टेलिंग पाँडला ‘धुवणाचे तळे’ आणि त्याच्या तळाशी बसणाऱ्याला ‘साका’, एवढे आमचे जमले. ‘रिजेक्ट’चे मात्र जमलेले नाही. ‘टाकाऊ’ म्हटले तर आज टाकलेले उद्या विकले जाते. ‘बाजूला ठेवलेला माल’ म्हटले तर मालकाचा हेतू आपणच गृहीत धरतो. तो म्हणतो, ढिगाला लोहाच्या टक्क्यानेच ओळखावे, ‘पन्नाशीचा ढीग’, ‘चाळिशीचा ढीग’ असे. मला ते अजून पूर्ण पटलेले नाही. आपल्यापैकी कोणाच्या गावात त्या ढिगाला वेगळे नाव असेल, तर चहाच्या वेळी ते मला जरूर सांगा.