बोरिंगचं कर्ज

मी नागपूरच्या महालातून बोलते आहे, बचत गटांची समन्वयक.

मागच्या उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत एका काकूंचा अर्ज आला. बोरिंगसाठी 9,000 रुपये. अध्यक्षबाईंनी विचारलं, "किती फुटांवर पाणी धरलं?" काकू म्हणाल्या, "जमिनीचं नाही बाई, ह्यांच्या आरएक्सचं." आधी हशा पिकला, मग भांडण. गेलेल्या नवऱ्याची मोटारसायकल, आणि पोट्ट्याला ती शर्यतीत पळवायची! गटाचा पैसा शौकाला द्यायचा नाही, असं माझंही मत होतं. पण चौकशी माझं काम, म्हणून मी त्याच्या गॅरेजात गेले.

यामाहा आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात बनली. टू-स्ट्रोक, 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर. ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्या सोडायच्या, बहुतेक वेळा 402 मीटर, म्हणजे पाव मैल. पाणी प्यायच्या आत संपते. अमेरिकेत 1964 च्या पाँटियाक जीटीओसारख्या मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या अशा पळवतात. तिथे 'स्टॉक' नावाचा वर्ग असतो. स्टॉक म्हणजे इंजिन मुळात कंपनीचंच, बदल नियमात बसतील तेवढेच. नाहीतर ज्याच्या खिशात पैसा तोच जिंकेल नं!

मग जिंकायचं कशावर? मापावर.

त्या पोराने मला उघडा सिलेंडर दाखवला. आत भिंतीला खिडक्या असतात, त्यातून पेट्रोल-हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. त्या कानशीने मोठ्या केल्या की गाडी पळते, पण ती स्टॉक राहत नाही. बोअर मुळात 50 मिलिमीटर, पिस्टनची चालही 50. वर्षानुवर्षं घासून बोअर लंबगोल होतो, म्हणून तो लेथवाल्याकडून पाव-पाव मिलिमीटरने वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा. पहिल्या वाढीला इंजिन 99 सीसीचं होतं, दुसरीला 100 च्या जरा वर. म्हणून नियमाची वही आधी वाचायची, बोअर नंतर. पिस्टन आणि भिंतीत फट ठेवतात ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून. सैल झाली तर दाब निसटतो. घट्ट झाली तर तापलेला पिस्टन फुगून अडकतो. गिरणीचा दगड टाकवून घेतलेल्या बायांना हे लगेच कळेल. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फटही गेजने मोजतात.

तेव्हा कळलं, हे काम दुसऱ्यांदा होत होतं. पहिल्या वेळी एका लेथवाल्याने "अंदाजे बरोबर आहे" म्हणून ब्लॉक हाती दिला. चार किलोमीटरवर इंजिन जाम! त्या कामासाठी काकूंनी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. त्या अजून सुटल्या नव्हत्या. बैठकीत त्या हे बोलल्याच नाहीत.

पुढच्या बैठकीत मी तीन अटी मांडल्या. लेथवाल्याने माप कागदावर लिहून सही करायची. पैसे दोन टप्प्यांत. आणि रस्त्यावर शर्यत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे पहिल्याच वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही. पोरगं अठराच्या आतलं असेल तर गाडीमालक आणि पालकही अडकतात. मंजुरीच्या शर्यती चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात, पुणे जिल्ह्यात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही झाल्या आहेत. यावर एक मावशी म्हणाली, "अन् गाडी तिथवर न्यायचा खर्च?" तो कोणी धरलाच नव्हता. मीसुद्धा नाही. पोराने तो स्वतः कमवायचा, असं ठरलं.

कर्ज दिलं. चार जणी शेवटपर्यंत विरोधात होत्या, तेही नोंदवहीत लिहिलं आहे. मापाची चिठ्ठी त्याच पानाला डकवली आहे. दोन हप्ते आले, तिसऱ्याला आठ दिवस उशीर झाला, दंडासकट भरला.

नवं इंजिन आधी हळू चालवून बसवावं लागतं. परवा काकू हप्ता भरायला त्याच गाडीवर मागे बसून आल्या. पदर सावरत म्हणाल्या, "चाळीसच्या वर नेतच नाही बाप्पा. सायकलवाले पुढे जातात."