डोक्यांत कांहीं राहत नाहीं!

श्रोतेहो, परीक्षेच्या दिवसांत बुधवार पेठेंतील एखाद्या घरांत डोकावून पाहावें. मुलगा पुस्तक घेऊन बसला आहे. इतिहासाचा धडा त्यानें तीन वेळां वाचला, महत्त्वाच्या ओळींखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या आणि समाधानानें पुस्तक मिटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील विचारतात, “काल धडा तयार केलास ना? मग सांग बघूं.” मुलगा आढ्याकडे पाहूं लागतो. दोन वाक्यें येतात, तिसरें येत नाहीं. मग स्वयंपाकघरापर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत निकाल लागतो: “ह्याच्या डोक्यांत कांहीं राहतच नाहीं!”

हा निकाल फार घाईनें दिला जातो आणि फार दिवस टिकतो. न्यायालयाच्या निकालावर अपील तरी करतां येतें. येथें तेंहि नाहीं, कारण कांहीं दिवसांनीं खुद्द आरोपीच तो निकाल मान्य करून बसतो. म्हणून ह्या प्रकरणीं मानसशास्त्राची साक्ष काय आहे, ती ऐकून घेणें अगत्याचें आहे.

‘राहत नाहीं’ असें म्हणणारा मनांत एक चित्र धरून बोलत असतो. डोकें म्हणजे रांजण, वाचणें म्हणजे त्यांत पाणी ओतणें, आणि विसरणें म्हणजे त्या रांजणाची गळती. चित्र सोपें आहे, पण चुकीचें आहे. माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतका. परंतु शरीर स्वस्थ असतांना जी ऊर्जा खर्च होते तिचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यांत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला संदेश देते, आणि जो मार्ग वारंवार वापरला जातो तो अधिक सुकर होतो. शिकणें ह्याचा शारीरिक अर्थ पेशींमधील हे संबंध बदलणें असाच आहे. माळरानावर पायवाट चालण्यानें पडते आणि चालणें थांबलें कीं गवतानें बुजूं लागते. स्मृतीचेंहि पुष्कळसें तसेंच आहे.

ह्या मेंदूला बाहेरच्या जगाची वार्ता इंद्रियें देतात. अप्पा बळवंत चौकांतून दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिराकडे निघालेला एखादा मनुष्य घ्या. पुस्तकविक्यांची बोलणीं, वाहनांचे कर्णे, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास, खांद्याला लागणारे धक्के, हें सर्व त्याच्या इंद्रियांवर आदळत असतें. पण घरीं पोंचल्यावर त्याला विचारावें कीं, वाटेंत हिरव्या पाटीचीं दुकानें किती होतीं, तर त्याला सांगतां येणार नाहीं. डोळ्यांनीं त्या पाट्या टिपल्या होत्या. त्याचें अवधान तिकडे नव्हतें. त्याच गर्दींत कोणी त्याचें नांव उच्चारलें असतें, तर मात्र तें कित्येकदां नेमकें ऐकूं येतें. अवधान हें वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखें आहे. शेजारीं मोबाइल ठेवून वाचणाऱ्या मुलाचे डोळे ओळींवरून फिरतात खरे, पण पहारेकरी दुसऱ्याच पाहुण्याशीं बोलत उभा असतो.

देवडी ओलांडून आलेल्या गोष्टीला प्रथम जी जागा मिळते ती फार अरुंद असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९५६ सालीं तिचें माप सुमारें सात गोष्टींचें सांगितलें. अलीकडील संशोधक तें चारांवर आणतात. आतां श्रोत्यांनीं हे बारा आंकडे ऐकावे: एक, आठ, एक, आठ, एक, आठ, चार, आठ, एक, आठ, सात, नऊ. एकदां ऐकून ते परत म्हणणें बहुतेकांस जमणार नाहीं. पण १८१८, १८४८ आणि १८७९ असे तीन सन म्हटले, तर पुणेकराला ते कठीण नाहींत. १८१८ सालीं पेशवाई संपली, १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत मुलींची शाळा निघाली, आणि १८७९ सालीं ह्याच पेठेंतील बुधवारवाडा आगींत जळाला. आंकडे तेच, ज्याला त्यांचा अर्थ ठाऊक आहे त्याच्यापुरत्या बारा गोष्टींच्या तीन झाल्या. नवें ज्ञान जुन्या ज्ञानाच्या खुंटीवर टांगलें जातें. ज्या मुलाला ‘कांहीं राहत नाहीं’ म्हणून बोल लावला जातो, त्याला पुष्कळदां खुंटीच कोणी मारून दिलेली नसते.

ह्या अरुंद जागेंतून गोष्ट कायमच्या ठिकाणीं कशी जाते, तें एका दुर्दैवी रोग्यामुळें कळलें. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांच्या आंतील बाजूचा कांहीं भाग काढण्यांत आला. त्याबरोबर हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागाचा मोठा अंशहि गेला. झटके कमी झाले, बुद्धि शाबूत राहिली, बालपणच्या आठवणीहि राहिल्या. पण नवी आठवण धरेनाशी झाली. भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळानें परत आला कीं त्याला तो नवखाच वाटे. असें असूनहि ब्रेंडा मिल्नर ह्या विदुषींनीं त्याला आरशांत पाहून चांदणी गिरवावयास दिली, तेव्हां दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशीं आपण हेंच केलें होतें, ह्याची मात्र त्याला गंधवार्ता नसे. यावरून उघड झालें कीं, प्रसंग आठवण्याची स्मृति निराळी आणि हाताची स्मृति निराळी. सायकल चालविणें, पेटी वाजविणें, रांगोळीचे ठिपके जोडणें हीं दुसऱ्या प्रकारचीं कामें. धड्यांत मागें पडणारा मुलगा तबल्यावर पुढें असूं शकतो, तो ह्यामुळेंच. ‘स्मरणशक्ति’ हा एकच जिन्नस नाहीं. त्याचें एकच माप काढून मुलाला तोलणें म्हणजे कापड शेराच्या मापानें मोजण्यासारखें आहे.

विसरण्याचेंहि मोजमाप झालेलें आहे. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडितानें अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व ते १८८५ सालीं प्रसिद्ध केले. तीच यादी पुन्हां शिकतांना किती श्रम वांचतात, हें त्याचें माप होतें. वीस मिनिटांनीं सुमारें ५८ टक्के श्रम वांचत, एका दिवसानें ३४ टक्के, आणि एका महिन्यानें २१ टक्के. विसर प्रारंभीं झपाट्यानें पडतो आणि पुढें मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगानें जात नाहीं हें खरें. तथापि पहिल्याच दिवशीं बराचसा भाग निसटणें हा त्या एका मुलाचा दोष नसून मनुष्यमात्राच्या मनाचा धर्म आहे. शेवटचा २१ टक्क्यांचा आंकडा तर दिलासाच देतो. समूळ गेलेंसें वाटतें, त्याचाहि ठसा उरलेला असतो, आणि दुसऱ्यांदा शिकणें पहिल्याहून सोपें जातें.

मग त्या मुलाचें चुकलें कोठें? २००६ सालीं हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी ह्या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांस एक उतारा दोनदां वाचावयास दिला. दुसरा उतारा एकदांच वाचून, मग न पाहतां, आठवेल तेवढा लिहून काढावयास सांगितला. पांच मिनिटांनीं पाहिलें तेव्हां दोनदां वाचलेल्या उताऱ्यांतील ८१ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिलेल्यांतील ७५ टक्के. एका आठवड्यानें मात्र पारडें फिरलें. दोनदां वाचलेल्यांतील ४२ टक्के उरला होता, आणि आठवून लिहिलेल्यांतील ५६ टक्के. पुन्हां पुन्हां वाचण्यानें ओळी डोळ्यांच्या ओळखीच्या होतात, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान अशी वाचणाऱ्याची समजूत होते. तांबड्या रेघांनीं त्या मुलाला फसविलें तें असें. आठवण आणण्याचा प्रयत्न हाच आठवण पक्की करण्याचा उपाय आहे, आणि तो त्यानें केलाच नव्हता.

जुन्या घरांत दिवेलागणीस परवचा म्हणत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनांची औटकी हीं सर्व पुस्तकाशिवाय, रोज, ठरल्या वेळीं म्हटलीं जात. रोज थोडें आणि न पाहतां, ह्या दोन्ही बाबतींत ती रीत शास्त्रास धरून होती. तिची उणीव दुसरीकडे होती. अर्थ सांगावयाचा राहून जाई, आणि चुकलेल्याला छडी मिळे. भीतीनें भरलेल्या मनाला येत असलेलें उत्तरहि आठवत नाहीं, हें आज शास्त्रानेंहि मान्य केलें आहे.

घाईच्या निकालांचा सर्वांत मोठा खटला ह्याच पेठेंत लढला गेला. मुलींच्या जातीला विद्या पेलत नाहीं, असें जाणतीं माणसेंहि मानीत, त्या काळांत १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. १८४० सालीं विवाह झाला तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर त्या शिकल्या, आणि वयाच्या सतराव्या वर्षीं शिक्षिका म्हणून वर्गापुढें उभ्या राहिल्या. १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजांतील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. ज्यांच्या बुद्धीविषयीं समाजानें निकाल देऊन ठेवला होता, त्यांना तोंवर कोणी शिकविलेंच नव्हतें. तो जुना वाडा राष्ट्रीय स्मारकासाठीं २०२३ च्या डिसेंबरांत उतरविण्यांत आला. तेथें जें सिद्ध झालें तें मात्र घरोघरीं, मुलामुलागणिक, पुन्हां सिद्ध करावें लागतें.

त्याला फारसा खर्च नाहीं. सायंकाळीं आजीनें पुस्तक स्वतःच्या हातीं घ्यावें आणि विचारावें, “बाळ, पेशवाई कोणत्या सालीं संपली रे?” मुलगा अडखळेल. आजीनें थोडें थांबावें. उत्तर लगेच पुरवूं नये. त्या अडखळण्यांतच आठवण घट्ट होत असते. नाहींच आलें तर पान उघडून दाखवावें आणि हा सन लक्षांत ठेवण्यासारखा कां, तेंहि सांगावें. तोच प्रश्न उद्यां पुन्हां विचारावा, चार दिवसांनीं पुन्हां, पंधरा दिवसांनीं पुन्हां. रात्रीं मुलाची झोंप पुरी होऊं द्यावी, कारण दिवसा शिकलेलें झोंपेंत स्थिर होतें. वडिलांनीं एवढा एक महिना धीर धरावा. मग निकाल द्यावयाचाच असेल, तर तो अवश्य द्यावा. बहुधा तो पहिल्याहून निराळा असेल.