फोड फोडण्याआधी



३० जून १९२४. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा, धाकटा कॅल्विन, व्हाइट हाउसच्या मैदानावर भावाबरोबर टेनिस खेळला. बुटात मोजे घातलेले नव्हते. पायाच्या बोटाला फोड आला. खेळणाऱ्या पोराच्या पायाला फोड येणे ही काय सांगण्यासारखी गोष्ट? पण जंतू त्या फोडातून रक्तात उतरले, ताप चढला आणि ७ जुलैला मुलगा गेला. देशातले नामवंत डॉक्टर उशाशी उभे होते, पण त्यांच्या हातात औषध नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती.

आज औषधांची कमतरता नाही. उलट फोड दिसला की ट्यूब पिळायची, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचे औषध एकत्र कालवलेले मलम चोळायचे आणि आठ दिवसांनी या म्हणायचे, ही सवय गावोगाव मुरली आहे. या व्यासपीठावरून आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे. फोड हा आजार नव्हे. त्वचेचा सांधा कुठे तरी सुटला आणि त्या फटीत पाणी भरले, एवढेच तो सांगतो. सांधा नेमका कुठे सुटला आणि कशाने सुटला, हे शोधणे डॉक्टरचे काम आहे.

त्वचा ही एकावर एक चढवलेल्या थरांची भिंत आहे. वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना चिमट्यांनी धरून असतात आणि तो सगळा थर खालच्या थराला दुसऱ्याच प्रकारच्या खिळ्यांनी जखडलेला असतो. पेशींमधले चिमटे सुटले तर फोडाचे छत पातळ राहते. फोड लेचापेचा असतो, कपड्याच्या घासण्यानेही फुटतो आणि मागे ओली, लाल, उघडी जागा उरते. खालचे खिळे निखळले तर छत जाड होते, फोड टंच भरतो आणि दिवसचे दिवस टिकतो. म्हणजे नुसत्या नजरेने आणि हलक्या बोटाने अर्धे उत्तर मिळते. त्यासाठी रुग्णाचा पूर्ण सदरा मात्र उतरवायला हवा. बाही वर करून दाखवलेल्या एका फोडावर निदान करू नये.

सगळ्यांच्या परिचयाचा फोड घर्षणाचा. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी पावसात भिजलेल्या पायांनी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, तेव्हा टाचेला आणि चवड्याला फोड येतात. हे फोड तळहात आणि तळपायांवरच का येतात? तिथली राठ कातडी जाड आणि घट्ट बसलेली असते. घासली तरी ती निघून जात नाही, तिच्याखालचा मऊ थर मात्र फाटतो. इतर ठिकाणची पातळ कातडी सरळ सोलवटते. ओलसर कातडीवर घर्षण वाढते, म्हणून पावसाळी चाल अधिक छळते. दिंडीबरोबरच्या वैद्यकीय पथकांनी एक पथ्य पाळावे : फोड फारच दुखत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, पण वरची कातडी कापून फेकू नये. त्या जखमेवर तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. भाजण्याचा फोडही ओळखीचाच. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार केले होते. त्यांतल्या दुर्दग्धाची खूण म्हणून त्याने उठणारे फोडच सांगितले.

पण ओळखीच्या फोडांतही एक फसवा असतो. चुलीवरचे पातेले सांडशीशिवाय उतरवले, हाताला फोड आला, आणि बाई म्हणते, "भाजलं कधी ते कळलंच नाही." तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये विडीचा चटका बसलाय, फोड आलाय, आणि म्हातारबाबा विचारल्यावर बोटांकडे पहिल्यांदाच पाहतात. न दुखणारा भाजल्याचा फोड दिसला की मलम बाजूला ठेवावे आणि कापसाची वात त्या हातावरून फिरवावी. कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपावी, ती दोरीसारखी जाड लागते का ते पाहावे. कुष्ठरोग संपला अशी समजूत आहे. तो संपलेला नाही, आणि त्याचे पहिले निदान अनेकदा असा फोड पाहणाऱ्याच्याच हाती असते. मधुमेही माणूस गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपतो, त्याचीही हीच गत. त्याला फोडाची गोष्ट अंथरुणावरचा ओला डाग सांगतो, पाय सांगत नाही.

आपल्याकडचे रुग्ण फोडाबद्दल जे शब्द वापरतात, त्यांना हसू नये. "बिब्बा उतला" म्हणणाऱ्या माणसाने अर्धे निदान हातात आणून दिलेले असते. बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो, पण टरफलातले काळे तेल कातडीला जाळते. भेगांवर, काटा मोडलेल्या जागी, दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा लावायची पद्धत जुनी आहे. दोन दिवसांनी तिथे काळसर डाग, भोवती लाली आणि वर पाण्याचे फोड. तेल ओघळले त्या रेषेतच फोड उठतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले, तेव्हा कारण सापडले ते कॉलरवरच्या खुणेत. आपले धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण घालत. काजू हा बिब्ब्याचा सख्खा भाऊबंद. त्याच्या टरफलातले तेल तसेच जाळते, म्हणून कोकणात आणि गोव्यात काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर फोड दिसले तर आधी कामाची चौकशी करावी. हातमोजे मिळतात का, हाताला राख किंवा तेल लावायला वेळ देतात का, हेही विचारावे. औषधाच्या चिठ्ठीने हा फोड थांबत नाही.

"रात्री कोळी मुतला" हे दुसरे विधान. कोळी निर्दोष आहे. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती घोंघावणारा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीहून थोडा लांब एक भुंगेरा असतो, शास्त्रीय नाव पेडेरस. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. तो मानेवर चालत असताना आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला जहाल रस हाताबरोबर ओढला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाबूक मारल्यासारखा फोडांचा लांब पट्टा उठतो. कोपराच्या खोबणीत उठला तर दुमडणाऱ्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर जुळे डाग पडतात. वसतिगृहात पावसाळ्यात एकाच आठवड्यात चार मुले असे पट्टे घेऊन आली, तर खोलीतल्या दिव्याखाली पाहून यावे. किडा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

या पट्ट्याची नेहमी गल्लत होते ती नागिणीशी. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि वयाने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती खचली की एकाच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, झुपक्यांनी, मधल्या रेषेपाशी थबकलेले. फोडांच्या दोन-चार दिवस आधी जळजळ आणि कळा सुरू होतात. छातीत असल्या तर हृदयविकार वाटतो, पोटात असल्या तर अपेंडिक्स. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती अजून घराघरांत आहे. त्या भीतीपायी लोक गेरूचे लेप लावून मांत्रिकाकडे बसतात आणि हातचे ७२ तास निघून जातात. विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग त्या पहिल्या ७२ तासांतच असतो. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावे. नाकाच्या टोकाला आणि डोळ्याला जाणारी नस एकच आहे.

आता ज्यासाठी हे सगळे बोलणे चालले आहे, तो आजार. पेम्फिगस. चाळिशीतला माणूस तोंडातल्या फोडांनी हैराण होतो. जेवणात तिखट सोडतो, मग भाकरी सोडतो, ताकभातावर येतो. आधी दंतवैद्य, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग 'उष्णता' म्हणून गुलकंद. काही महिन्यांनी पाठीवर लेचेपेचे फोड उठतात आणि अंगावरचा सदरा ओल्या जखमांना चिकटू लागतो. त्याच्या शरीराची संरक्षक प्रथिने त्याच्याच पेशींमधल्या चिमट्यांवर, डेस्मोग्लीनवर, तुटून पडलेली असतात. पाश्चात्त्य देशांत म्हाताऱ्यांना होणारा, टंच फोडांचा आणि प्रचंड खाजेचा पेम्फिगॉइड जास्त दिसतो. आपल्याकडे पेम्फिगस जास्त, आणि तोही कर्त्या वयात. दोन्ही आजार १९५३ पर्यंत एकाच नावाखाली मोडत. वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फट कुठल्या थरात आहे ते पाहून त्यांची फारकत केली. १९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात ती उलटलेली प्रथिनेच दाखवून दिली.

स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस झालेला माणूस बहुधा जगत नसे. ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पल्स उपचार रूढ केला. दर २८ दिवसांनी लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथासोनची मोठी मात्रा शिरेतून द्यायची आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. भारतातल्या असंख्य रुग्णांनी त्यावर संसार केले, कामाला गेले. आज रिटुक्सिमॅब हे औषधही आहे. उपचार आहेत, आणि तरीही माणूस सहा-सहा महिने तोंडाला ग्लिसरीन लावत फिरतो, ही खंत प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला आहे.

पेम्फिगसची शंका पडताळायला मोठे रुग्णालय लागत नाही. फोडाशेजारच्या साबूत दिसणाऱ्या कातडीवर अंगठ्याने दाबून सरकवले तर पेम्फिगसमध्ये वरचा पापुद्रा सुटतो. रशियाचे निकोल्स्की यांनी सांगितलेली ही खूण शंभरहून अधिक वर्षे कामी येते आहे. फ्रान्सचे अर्नो झांक यांनी १९४७ मध्ये दुसरी वाट दिली. ताजा फोड उघडायचा, तळ हलकेच खरवडायचा, काचेवर पसरून गीम्सा रंगात बुडवायचा. पेम्फिगसमध्ये हात सुटलेल्या, गोल झालेल्या पेशी दिसतात. नागिणीत आणि कांजिण्यांत अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी दिसतात. ग्रामीण रुग्णालयात हिवतापासाठी सूक्ष्मदर्शक असतोच, त्याच्याखाली हे अर्ध्या तासात होते.

एका बाबतीत मात्र अर्धा तासही थांबू नये. ताप, डोळ्यांची आग, ओठ सोललेले आणि अंग दुखत दुखत फोड उठत असतील तर विचारायचे, गेल्या महिन्याभरात नवे औषध कोणते सुरू केले? फिटांसाठीचे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, युरिक अ‍ॅसिडसाठीचे अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामके. ते औषध त्याच क्षणी बंद करायचे, आणि रुग्ण भाजलेल्या रुग्णासारखा सांभाळत पुढे पाठवायचा. त्याच्या खिशात त्या औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी हवी.

राहिली पेम्फिगसचे निदान पक्के करणारी बायोप्सी. दोन तुकडे घ्यावे लागतात, आणि चूक होते ती दुसऱ्यात. पहिला ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिनमध्ये. दुसरा फोडाला लागून असलेल्या साबूत कातडीचा, चार मिलिमीटरचा. तोही सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकला की ती उलटलेली प्रथिने पाहण्याची तपासणी वाया जाते आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. त्यासाठीचा खास द्रव तालुक्याच्या गावी मिळत नाही. पण सलाइनची बाटली सगळ्यांकडे असते आणि साध्या सलाइनमध्ये तो तुकडा चोवीस तास चांगला राहतो. संध्याकाळी काढलेला तुकडा झाकण घट्ट लावून, नाव आणि वेळ लिहून रात्रीच्या एसटीने शहरात धाडला, तर सकाळी प्रयोगशाळा उघडते तेव्हा तो टेबलावर असतो.