जुनी मोटार घेताना : दोन गाड्या आणि एक हिशेब

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने मोटारीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु पगारदार माणसाच्या घरातून एका दमात तीन-चार लाख रुपये बाहेर पडण्याचे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात आणि जुनी मोटार घेणे हा त्यांपैकी एक आहे. ही रक्कम पुष्कळदा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतूनच निघते. तेव्हा हा विषय शाळेच्या व्यासपीठाला अगदीच परका नाही.

मला सांगायचे आहे ते थोडके आहे. दोन जुन्या गाड्या समोर असल्या की आपण विचारतो, "यांत चांगली कोणती?" या प्रश्नाला उत्तर नाही. विचारायचे ते असे : माझ्या घराची धावपळ किती, आणि त्या धावपळीला ही गाडी पुढील पाच-सात वर्षांत एकूण कितीला पडेल? गाडीची किंमत आपण एकदाच देतो. तिचा खर्च मात्र दरमहा द्यावा लागतो.

उदाहरणादाखल माझ्याच घरचा हिशेब मांडतो. घरी आम्ही उभयता, दोन मुले आणि अम्मी. अम्मीचे गुडघे दुखतात आणि महिन्यातून एकदा त्यांना चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला दवाखान्यात न्यावे लागते. शाळेत मी दुचाकीवर जातो. सगळे मिळून मोटारीचे महिन्याला ४०० किलोमीटर होतात. हाताशी सव्वाचार लाख रुपये होते. त्यांतील ४० हजार नाव बदलणे, विमा, टायर आणि पहिली दुरुस्ती यांसाठी आधीच बाजूला काढले. जुन्या गाडीच्या बाबतीत ही तरतूद प्रत्येकाने करावी. सगळे पैसे किमतीतच घातले, तर पहिला पावसाळा उधारीत जातो.

समोर दोन गाड्या होत्या. एक २०१५ सालची मारुती डिझायर. डिझेलची, ९५ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३ लाख ८५ हजार. दुसरी २०१७ सालची वॅगन-आर. पेट्रोलची, ४२ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३ लाख ४० हजार. मुलांना अर्थातच डिझायर आवडली. तिची डिकी मोठी, ऐटही मोठी, आणि "डिझेल स्वस्त पडते" असे सांगणारेही भोवती पुष्कळ होते.

आता पाटीवर गणित मांडू. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा. घाटरस्ता जमेस धरून पेट्रोलची गाडी लिटरला १६ आणि डिझेलची २० किलोमीटर जाईल असे माना. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, म्हणून पेट्रोलचा ॲव्हरेज मी मुद्दामच कमी धरला आहे. किलोमीटरला पेट्रोलचा खर्च साडेसहा रुपये येतो, डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे. फरक १ रुपया ९५ पैशांचा. वर्षाला ४,८०० किलोमीटर म्हणजे डिझेलने ९,३६० रुपये वाचतात. त्यातून सर्व्हिसिंगचे जादा तीन हजार वजा केले की उरले ६,३६०. किमतीतील ४५ हजारांचा फरक भरून यायला सात वर्षे लागणार! खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे त्या डिझायरची मुदत २०३० सालीच संपणार. मग पुन्हा तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. वॅगन-आरला २०३२ पर्यंत सवड होती.

हेच गणित रोज ६० किलोमीटर जाणाऱ्या नोकरदाराने मांडले, तर उत्तर उलटे येते. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला १८ हजार किलोमीटर आणि ३५,१०० रुपयांची बचत. सर्व्हिसिंगचे जादा सहा हजार वजा केले, तरी दीड-पावणेदोन वर्षांत फरक वसूल होतो. गाड्या त्याच, भाव तेच, पण घर बदलले की उत्तर बदलते. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला ऐकावा, परंतु शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेऊ नये.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी मी तोलल्या. वॅगन-आरची बैठक उंच असल्याने अम्मींना गुडघे फारसे न वाकवता आत बसता येते. दुसरी गोष्ट जिवाची. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांत ती मॉडेलप्रमाणे असे किंवा नसे. त्या वॅगन-आरमध्ये पुढे दोन एअरबॅगा होत्या, डिझायरमध्ये एकही नव्हती. मी वॅगन-आर घेतली. ईदला गावी जाताना सामान मांडीवर घ्यावे लागते, हे खरे. पण ते वर्षातून दोनदा.

हिशेब झाला तरी तपासणी उरतेच. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी; आधी बॉनेटवर हात ठेवून ते गरम तर नाही ना, याची खात्री करावी. सुरू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. दाट पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता असते. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मीटरवर किलोमीटर कमी आणि पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत, असे दिसले तर सर्व्हिसचे जुने कागद मागावेत.

आपल्या भागात एक काळजी अधिक घ्यावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणात पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी वरून धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग पाहावा, पायाखालचे कार्पेट उचलावे, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का ते पाहावे. पाचशे-हजार रुपये देऊन आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. विकणाऱ्याच्या मेकॅनिकवर विसंबू नये.

शेवटी कागद. आर.सी. बुकावरील चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. दंडाची चलने थकलेली नाहीत ना, हे पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव बदलण्याचे काम लगेच करावे. विकणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, अपघाताच्या भरपाईसाठी कायदा ज्याचे नाव नोंदणीत आहे त्यालाच मालक मानतो, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते. परंतु विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, तर आपल्या गाडीची भरपाई अडकते.

पालकहो, गाडी ही सोय आहे आणि सोयीला मर्यादा असावी. किंमत भागवण्यासाठी मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाची ठेव मोडावी लागत असेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही असे खुशाल समजा आणि आणखी एक वर्ष एस.टी.ने जा. गाडीचे मोल वर्षागणिक उतरत जाते. शिक्षणाच्या ठेवीचे तसे नाही. ती वेळेवर हाती नसली, तर मुलीचे वर्ष जाते आणि ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.