ताजी बातमी आणि आपली भाषा

(समाजाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांना वाटेल की मराठी समाजाच्या सभेत इंटरनेटचे काय काम? पण आपलीच घरे पाहा. कळमन्याला संत्र्याला काय भाव निघाला, नागपूरहून सुटलेली गाडी कुठवर आली, जांब नदीला पूर आहे का, हे सारे आपण आता मोबाईललाच विचारतो. या प्रश्नांना कालचे उत्तर चालत नाही. उत्तर आत्ताचे लागते.

पूर्वी शोधयंत्र म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीसारखे होते. यंत्राने पाने वाचायची, सूची करायची आणि मग ती आपल्याला दाखवायची. त्यात वेळ जाई. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने लोक ट्विटरवर लिहीत असलेल्या ओळी त्याच क्षणी शोधात दाखवायला सुरुवात केली. ट्विटरशी झालेला करार संपल्यावर जुलै २०११ मध्ये ती सोय बंद पडली, पण लोकांची सवय गेली नाही. आज काहीही शोधले की आपली नजर आधी ताज्या बातमीकडे जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्र घटना पाहत नाही. कोणीतरी लिहिलेले तेवढेच ते शोधून आणते. आणि लिहिलेले जितके ताजे, तितके ते कमी पारखलेले असते.

याची किंमत काय असते, हे आपल्या भागाने पाहिले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, खोकल्याचे औषध घेतलेली लहान लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक मुले गेली. कित्येकांवर नागपुरात उपचार चालले होते. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की तपासलेल्या नमुन्यांत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले नाही. पाठोपाठ तमिळनाडूच्या तपासणीचा निष्कर्ष बाहेर आला. कोल्ड्रिफ या औषधाच्या एका बॅचमध्ये ते द्रव्य ४८.६ टक्के निघाले. मर्यादा ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली.

दोन्ही विधाने आपापल्या नमुन्यांपुरती होती. पण ज्या आईने ३ तारखेला दुपारी शोधले आणि निश्चिंत होऊन मोबाईल ठेवून दिला, तिच्या हाती अपुरे उत्तर पडले. म्हणून आम्ही प्रत्येक घराला सांगतो, उत्तराआधी तारीख आणि वेळ पाहा. सांगणारा कोण ते पाहा, स्वतः तो विभाग की ऐकीव सांगणारा. औषधाचे पूर्ण नाव आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक घालून शोधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधा. आणि लेकराला औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची चित्रफीत आली तरी हाच नियम. ती यंदाची की मागल्या सालची, हे आधी पाहावे.

आता आपल्या भाषेची अडचण. गावाचे नाव आपण पांढुर्णा लिहितो, हिंदीत पांढुर्ना आणि पांढुरनाही लिहितात. सौंसरचे कुठे सौसर होते. नाव बदलले की उत्तरही बदलू शकते. त्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याआधीची आपली माहिती छिंदवाड्याच्या नावाखाली आहे. म्हणून निकडीच्या वेळी दोन्ही जिल्ह्यांच्या नावांनी आणि दोन्ही भाषांत शोधावे. ऑगस्ट २०१७ पासून गूगलला मराठीत बोलूनही विचारता येते, तेव्हा आजीलाही टंकलेखन शिकण्याची गरज नाही.

पण आजीने मराठीत विचारले तर उत्तर बहुधा नागपूर-अमरावतीचे येते, कारण मराठीत लिहिणारे तिकडे आहेत. १९५६ पूर्वी आपली राजधानी नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तीच सीमा आज मोबाईलवर दिसते. मराठी मजकूर सीमेपलीकडचा, सरकारी सूचना अलीकडची आणि हिंदीतली. जिला फक्त मराठी वाचता येते ती म्हातारी दोहोंच्या मधे राहते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. औषध, पूर, साथ किंवा पिकावरचा रोग यांविषयी जिल्हा प्रशासनाची सूचना निघेल, ती त्याच वेळी मराठीतही निघावी आणि तिच्यावर तारीख व वेळ असावी. ही मागणी हिंदीविरुद्ध नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी घटनेच्या अनुच्छेद ३५०ख नुसार विशेष अधिकारी असतो. ज्या भागात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व देशाने पूर्वीच मान्य केले आहे. त्या आधारे निवेदन द्यावे, असा प्रस्ताव आम्ही सभेपुढे ठेवतो.

मात्र निवेदन देऊन स्वस्थ बसता येणार नाही. पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तालुक्यांतून हिंदी-मराठी दोन्ही नीट येणारी तरुण मुले-मुली पुढे यावीत. सरकारी सूचना आली की तिचे जसेच्या तसे मराठी करावे, वर सूचना काढणाऱ्या कार्यालयाचे नाव आणि वेळ घालावी, पदरचा एक शब्दही घालू नये. आपण लिहिले तरच आपल्या माणसाला आपल्या भाषेत सापडेल. पुढची सूचना कोणत्या संकटाची असेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. ती येईल तेव्हा आपल्या घरातल्या सर्वांत वडील बाईलाही ती वाचता यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.