तेलाची बेगमी

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा या गांवीं सप्टेंबर २०२२ मध्यें आगगाडी सुरू झाली. नगर शहर, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, तेथून निघालेला लोहमार्ग त्या वेळीं कड्यावरून आष्टीपर्यंत खुला झाला. गाडीनें जाणाऱ्याची तयारी सोपी असते. वेळ ठाऊक असते. आदल्या रात्रीं सामान बांधलें कीं झालें. धर्मजीवनाच्या तयारीला असें वेळापत्रक नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दहा कुमारींचा दृष्टांत नेमकें हेंच शिकवितो. वर येण्यास उशीर होतो आणि दहाहि जणींना झोप लागते. त्या झोपेबद्दल कोणाला दोष दिलेला नाहीं. मध्यरात्रीं हाक येते तेव्हां फरक दिसतो तो एवढाच कीं, पांचजणींनीं दिव्याबरोबर तेलाचा सांठा घेतला आहे, पांचजणींनीं घेतलेला नाहीं. शेजारणीकडून मीठ-पीठ उसनें आणतां येतें. हें तेल ऐन वेळीं उसनें मिळत नाहीं.

ही बेगमी संसारांत कशी होते, हें पाहावयाचें असेल तर त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नगरला, रेव्हरंड टिळकांच्या घरीं दृष्टि टाकावी. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर जणूं आभाळ कोसळलें. कांहीं वर्षें त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढें संसारांत परतल्या, तरी सोंवळें-ओंवळें सुटलें नव्हतें. अखेर एके दिवशीं त्यांच्याच मनानें कौल दिला कीं, जाति देवानें केलेल्या नाहींत, माणसांनीं केल्या आहेत. विचार पटणें ही एक गोष्ट आणि परक्या हातचें पाणी घशाखालीं उतरणें ही दुसरी. लक्ष्मीबाईंनीं दुसरीहि करून दाखविली आणि १९०० सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

परंतु बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधि. खरी कसोटी दुसऱ्या दिवशीं सकाळीं चुलीपाशीं सुरू होते. टिळकांचा हात सढळ. पगार घरीं पोंचण्यापूर्वींच गरजूंच्या पदरीं पडावा, अनाथ मूल दिसलें कीं तें घरीं आणावें, असा त्यांचा खाक्या. पतीनें आणलेल्या त्या मुलांना जेवूं घालणें, त्यांचीं आजारपणें काढणें, स्वतःचा राग गिळणें अथवा बोलून मोकळें होणें, हें सारें लक्ष्मीबाईंच्या वांट्याला आलें. त्यांनीं रागावल्याचें कधीं लपविलें नाहीं. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास तें ठाऊकच आहे. तरी दार कोणाला बंद झालें नाहीं. तेल भरलें जात होतें तें असें, थेंबाथेंबानें.

मग नगरला प्लेग आला. आप्तहि रोग्यापासून दूर पळत, अशा त्या साथींत लक्ष्मीबाई शुश्रूषेला गेल्या. एके काळीं स्पर्शाला भिणारे हात रोग्यांना उठवूं-बसवूं लागले. हें धैर्य त्या सकाळीं आकाशांतून उतरलें नव्हतें. घरांतल्या लहानसान सेवेनें तें आधींच अंगीं मुरलें होतें.

टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ सालीं ते निवर्तले तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. ज्या बाईंनीं अक्षरओळख लग्नानंतर करून घेतली, त्यांनींच पुढें तें काव्य लिहून पुरें केलें. ही हांकहि अवेळींच आली होती; पण तिलाहि उत्तर मिळालें.

म्हणून आध्यात्मिक सिद्धता म्हणजे अंतकाळाची भीति मनांत बाळगणें नव्हे. सकाळीं कांहीं क्षण प्रार्थनेला देणें, कामकऱ्याची मजुरी त्याच दिवशीं चुकती करणें, भांडण झालें तर दिवा मालवण्यापूर्वीं समेटाचा शब्द बोलणें, दारीं आलेल्याची जात मनांतहि न विचारणें, एवढ्या साध्या गोष्टींत ती सांठते. रविवारच्या उपासनेंत दिवा सर्वांना दिसतो; सोमवार ते शनिवार त्यांत तेल कोण घालतें, तें मात्र ज्याच्या त्याच्या घरालाच ठाऊक असतें.